फाट्यापासून गावापर्यंत, पहिल्या गिअरमध्ये

माझा धाकटा भाऊ फौजेतून पेन्शन, म्हणजे निवृत्त होऊन, येणार होता आणि त्याला घरी आणायला मी एक जुना ट्रक विकत घेतला. गावाला वाटलं, मला म्हातारपणी नाद लागला. नाद वगैरे काही नव्हता. मला भाऊ घरी हवा होता, कायमचा. ट्रकात बसून येतो म्हणाला म्हणून ट्रक घेतला. हत्तीवरून येतो म्हणाला असता तर मी हत्तीची चौकशी केली असती, इतका मी गेल्या साली दमलो होतो.

दमायला कारण आमचे आबा. आबा म्हणजे आमचे वडील. अंगापिंडानं दांडगा माणूस, तरणेपणी आखाड्यात उतरलेला, आणि आता उजवी बाजू पूर्ण गेलेली. पहाटे त्यांना उठवून बसवायचं, उचलून मोरीत न्यायचं, अंघोळ घालायची, परत आणून खुर्चीत ठेवायचं, दुपारी कुशीवर वळवायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. याच्यासाठी मी साखर कारखान्यातली मेकॅनिकची नोकरी मुदतीआधी सोडली. बायको माझ्याइतकीच राबते, कधी कधी जास्तच, पण आबांना उचलणं तिच्या ताकदीबाहेरचं आहे आणि आबांना ते आवडतही नाही. म्हणजे उचलायला मी एकटा. वर शेतात ऊस, गोठ्यात दोन म्हशी आणि कमरेत चमक.

भाऊ फौजेत ड्रायव्हर. सुट्टीवर आला की निम्मी सुट्टी सांगलीत जायची, कारण त्याची बायको पोरांच्या शाळेसाठी तिकडे विश्रामबागेत राहते. उरलेली निम्मी पाहुण्यारावळ्यांत. पण जाताना दर वेळी तो आबांच्या पाया पडायचा आणि मला म्हणायचा, "दादा, एकदा पेन्शन आलो का आबांचं समदं माझ्याकडं. तू निवांत पडून ऱ्हायाचं." हे वाक्य मी इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरलं होतं. कमर धरली की ते आठवायचं आणि पुढचं काम उरकायचं.

आमच्या भागात जवान पेन्शन आला की त्याची मिरवणूक काढतात. हायवेच्या फाट्यापासून गावापर्यंत हलगी, गुलाल, फटाके, उघडी जीप, फुलांची कमान, जवानाचा मोठा फ्लेक्स. माझ्या भावाला जीप नको होती. भरती झाल्यावर ज्या गाडीवर तो शिकला, तसली गाडी त्याला हवी होती: पुढं लांब नाक असलेला, पेट्रोलवर चालणारा, लष्करी हिरव्या रंगाचा जुना ट्रक. असा एक ट्रक कुपवाडला एका वर्कशॉपच्या मागं उभा असल्याचा फोटो त्याला कुणीतरी पाठवला होता. त्यानं तो मला पाठवला आणि फोन केला.

"दादा, ह्यातनं येतुय मी. तेवढं बघ."

"आरं, ती गाडी हाय का भंगार हाय?"

"तुझ्या हाताखालनं गेल्यावर कशाला भंगार ऱ्हातीय ती?"

चढवायचं कसं हे त्याला लहानपणापासून चांगलं कळतं. मी सांगलीची एस.टी. धरली.

भावजय मला स्कूटरवरून कुपवाडला घेऊन गेली. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, आत दोन लेथ, आणि मागं बाभळीच्या सावलीत तो ट्रक. लष्कराच्या लिलावातून निघाल्यावर कुणीतरी पाण्याच्या टाकीसाठी वापरलेला, मग तसाच सोडून दिलेला. वर्कशॉपचा मालक धंदा बंद करून पोराकडे पुण्याला निघाला होता. त्याला जागा मोकळी हवी होती. मी बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरमध्ये खारीनं कापूस आणि काथ्या भरून घर केलं होतं. बाकी वस्तू जागच्या जागी होत्या, आणि जुन्या गाडीत तेवढं असलं तरी खूप असतं.

"आता गावाकडं यायची तयारी करा," मी भावजयीला म्हटलं. "वरची खोली रंगवून घेतुय तुमच्यासाठी."

ती टायरला पायानं दाबून बघत राहिली. मला वाटलं, गाडी आवडलेली दिसत नाही.

मालकानं तोवर कुठून तरी बॅटरी आणि पेट्रोलचा डबा आणला होता. चालू करून दाखवतो म्हणाला. मी त्याचा हात धरला. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला लोक पहिली गोष्ट हीच करतात. बॅटरी लावायची, सेल्फ मारायचा, आणि धूर निघाला की टाळ्या पिटायच्या. आत सगळं कोरडं पडलेलं असतं, ऑइलचा चिकटा झालेला असतो, कुठं गंज धरलेला असतो. त्या स्थितीत ते फिरवलं की पहिल्या मिनिटातच आतून ओरखडतं आणि मग ऑइल प्यायला लागतं. बंद गाडी बंदच न्यावी. मी ती टोचन करून आणली, पुढं भाड्याचा टेम्पो आणि मागं दोराला बांधलेला हा ट्रक, स्टिअरिंगवर मी. आष्ट्यावरून पेठ नाका, मग हायवे. येणारे जाणारे वळून वळून बघत होते. मी दोराकडे बघत होतो.

त्या दिवसापासून भावाचा रोज संध्याकाळी फोन. फौजेत गाड्यांच्या देखभालीची परेड असते, दिवसाला एक काम ठरवून देतात, त्याला ते टास्क म्हणतात. याच्या तोंडी तेच.

"दादा, आज टास्क काय?"

"आज टास्क आबांचं पोट साफ हुईना ते."

"आनि गाडीचं?"

मग मी गाडीचं सांगायचो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि मुरायला ठेवलं. ते चांगलं मुरल्यावर पुढून हँडल लावून हातानं फिरवून बघितलं. पहिल्यांदा हललं नाही. मी जोर केला नाही. पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. एका सकाळी आबांची अंघोळ उरकून गेलो, हँडलवर सहज हात ठेवला, आणि ते वळलं. इतकं अलगद वळलं की मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. कितीतरी दिवसांत माझ्याकडून काहीतरी नीट झालं होतं.

जुनं ऑइल नुसतं ओतून निघालं नाही, ते खरवडावं लागलं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाची ऑइलची परात, खाली घेतली तेव्हा तळाला करपलेल्या काकवीसारखा थर होता. पेट्रोलची टाकी उतरवली, तिच्यात साखळीचे तुकडे टाकून हलवत बसलो, आणि गंजाचे पापुद्रे निघता निघेनात. कार्बोरेटर उघडून प्रत्येक भोक तारेनं न टोकरता हवेनं मोकळं केलं. व्हॉल्व्हचे टॅपिट लावले. ठिणगीचे पॉइंट घासले, मग नवेच घातले. गंजलेले नट, पट्ट्या, क्लॅम्प मळीच्या पाण्यात भिजत टाकले. कारखान्यात हे आम्ही नेहमी करायचो. साखर काढून उरलेली मळी पाण्यात कालवायची, लोखंड त्यात आठ-पंधरा दिवस ठेवायचं, गंज आपोआप सुटून येतो. पण कारखान्यात वासाचं कुणाला काही वाटत नाही. इथं परड्यात पिंप ठेवलं आणि माश्यांनी घर धरलं.

"आवं, ह्ये पिंप हालवता का मी माह्येरी जाऊ?" बायको म्हणाली.

"माह्येरी गेलीस तर म्हशीचं कोन बघनार?"

"त्येच म्हनलं, मला जाऊ कोन देतंय." आणि ती पाटी घेऊन गोठ्यात गेली. आमच्या घरात भांडणंसुद्धा पुरी होत नाहीत, मध्येच कुठलं तरी काम येतं.

सगळ्यात जास्त वेळ मी पाण्याच्या बाजूला दिला. जुनं इंजिन ऑइलवाचून मरतं आणि उष्णतेनं मरतं, तिसरं कारण क्वचित. रेडिएटर उतरवून कराडला नेला, आतून झाडून घेतला. होज पाइप सगळे नवे. पाण्याचा पंप गळत होता, तो उघडून त्याचं पॅकिंग बदललं. फॅनबेल्ट कराडात मिळेना, साताऱ्यात मिळेना, शेवटी पुन्हा कुपवाडलाच एका दुकानात माळ्यावर सापडला. हे सगळं मी आबांच्या दोन उठण्यांच्या मधल्या वेळात करत होतो. कमर धरली की ट्रकच्या पायरीवर बसायचो आणि रिकाम्या वरच्या खोलीकडे बघायचो. खोली मी खरंच रंगवून घेतली होती.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा आबांची खुर्ची अंगणात आणली. निळा धूर भसाभसा निघाला, मग पातळ झाला, मग आवाज एका लयीत आला. आबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. ते हल्ली फार बोलत नाहीत, बोललेलं कळायला कष्ट पडतात. ते म्हणाले, "कवा येनार त्यो?"

"आंबं पिकल्यावर," मी म्हटलं.

भाऊ यायच्या आधी मी गाडी हायवेला काढली. कराडहून साताऱ्याच्या दिशेनं बराच लांब गेलो, चढाला घेतली, उताराला घेतली आणि परत आलो. तापमानाचा काटा मधोमध, हलला नाही. एक थेंब ऑइल गळलं नाही. मला मनापासून अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याचं मी भावाला सांगितलंही. तो म्हणाला, "दादा, आता ही गाडी लेहला जाईल." दोघंही हसलो. लेहला तिला कुणी नेणार नव्हतं. तिला जायचं होतं फाट्यापासून गावापर्यंत, माणसाच्या चालीनं, भर उन्हात. ती चाल मी एकदाही चालवून बघितली नाही. इतका जन्म गाड्यांत गेला, पण तयारी म्हटली की माझ्या डोक्यात लांबचा रस्ता येतो.

तो कराड स्टेशनवर उतरला. भावजय आणि पोरं सांगलीहून आली होती. मोटारीतून त्यांना फाट्यावर आणलं तेव्हा ट्रक सजून उभा होता. मागच्या हौद्याला केळीचे खुंट, कमान, फुगे. बायका सकाळपासून झेंडू ओवत बसल्या होत्या. त्यांचा हार मनगटाएवढा जाड झाला होता, आणि तो त्यांनी ट्रकच्या नाकावर आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा असा घातला. माझी बायकोच पुढं होती. एरवी तिला त्या गाडीचा राग, त्या दिवशी तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. त्यावर तरुण मंडळाच्या पोरांनी भावाचा फ्लेक्स आणला, गणवेशातला, छातीवर पदकं, आणि तो थेट पुढच्या जाळीवर तारेनं आवळला.

मी म्हटलं, "आरं, जरा वर बांधा की."

"काका, फोटो म्होरंच पायजे. लांबनं दिसाय नगो?"

जाळीमागं रेडिएटर असतो आणि त्याला वारा लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बायको हाराची गाठ मारत होती, भाऊ समोरून हसत येत होता, हलगी सुरू झाली होती. अशा वेळी गाडीचं नाक मोकळं ठेवा म्हणून कोण सांगणार. मी हँडलला हात लावून नमस्कार केला आणि स्टिअरिंगवर बसलो.

भाऊ आणि भावजय मागं हौद्यात, कमानीखाली उभे. पुढं हलगीवाले, त्यांच्यापुढं पोरं, आणि ती पोरं पुढं बघून थोडीच चालतात. माझ्याकडं तोंड करून, उलटी उलटी नाचत होती. पहिला गिअर, तोही क्लचवर. दहा पावलं गेलं की थांब. गुलालाची पोती फुटली. काचेवर गुलाल, माझ्या डोळ्यांत गुलाल. आणि काटा चढायला लागला.

मी तो बघत होतो. मधल्या रेषेवरून पुढं गेला, मग आणखी पुढं. पंखा इंजिनाच्या चालीवर फिरतो आणि इंजिन जेमतेम कण्हत होतं. जो थोडा वारा यायचा तो हारानं आणि फ्लेक्सनं अडवला. उरलेल्या फटींत गुलाल. मी हॉर्न दिला, पोरांना वाटलं मीही रंगात आलो, ती आणखी जोरात नाचायला लागली. हात बाहेर काढून ओरडलो, तर एकानं हातात गुलाल दिला. पाटाच्या पुलावर पोचलो आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ आली. मी इंजिन बंद केलं.

हलगी वाजतच राहिली. कुणीतरी पाटात घागर बुडवून धावत आलं. मी उडी टाकली आणि त्याला आडवा गेलो. "गार पानी घालू नगा, फुटंल त्ये." आणि त्याच वेळी पलीकडच्या बाजूनं बॉनेटची कडी निघाल्याचा आवाज आला. भाऊ होता. गळ्यातले हार कमानीला अडकवून, गणवेशाच्या बाह्या वर करून तो खाली उतरला होता. त्यानं माझ्याकडं न बघता हात पुढं केला, मी त्यात पक्कड दिली. त्यानं स्वतःच्याच फोटोच्या तारा तोडल्या, फ्लेक्सची घडी केली आणि एका पोराच्या हातात दिली. मग झेंडूचा हार एका बाजूनं सोडवला. मी रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. ते निवायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की तोंडावर उकळतं पाणी येतं.

लोकांना काही वाईट वाटलं नाही. मिरवणूक थांबली तर थांबली. बायका पुलाच्या कठड्याला सावलीत बसल्या, कुणी ताक आणलं, हलगीवाल्यांनी पोरांना तिथंच गोल करून नाचवलं. आम्ही दोघं भाऊ उघड्या बॉनेटपाशी उभे. तो जाळीच्या फटींतला गुलाल काडीनं काढत होता. त्या हलगीत आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. त्यानं जागा बरोबर निवडली असं मला नंतर वाटलं.

"दादा, तुला येक सांगायचं हाय."

"सांग की."

"मला फौजेत परत घ्येतलंय. पेन्शनीवाल्यांची भरती असती ती. राजस्थानला. म्हैन्यानं हजर व्हायचंय."

मी रेडिएटरकडं बघत राहिलो. वाफ कमी होत होती.

"कवा ठरलं?"

"थंडीतच. पोरांची शिक्षणं हायती, दादा. हितं येऊन काय करू मी? ऊसच बघू?"

थंडीत मी चेंबर खरवडत होतो. म्हणजे रोज संध्याकाळी टास्क काय म्हणून विचारणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं. टायर पायानं दाबत उभ्या राहिलेल्या भावजयीला तर मी कुपवाडला विचारलं तेव्हाच अंदाज असावा. वरच्या खोलीचा रंग कुठला देऊ म्हणून मी फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "तुला आवडंल त्यो दे."

"मग ही गाडी कशापायी घ्याय लावलीस मला?"

त्यानं काडी मोडून टाकली. "येकदा तरी घरी आल्यागत यायचं हुतं," तो म्हणाला. "आबांनी बघाय पायजे हुतं. त्यांचं काय सांगावं."

मला राग आला. असा राग की बॉनेटवर पडलेली पक्कड उचलून पाटात फेकावी. मी त्याला सुनावलं, तेही मोजून नाही. म्हटलं, आबांनी तुला बघावं म्हणून तू महिनाभर येणार, आणि आबांना रोज बघायला कोण, मी. तुझ्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. माझी कमर गेली. तुझ्या वैनीला माहेर बघून किती दिवस झाले ते विचार तिला. तुझ्या पोरांना शिक्षण आहे, मला काय आहे? तो खाली मान घालून ऐकत होता. उलट बोलला असता तर बरं झालं असतं. फौजेत साहेबासमोर उभं राहायची सवय असते, तसा तो ताठ उभा राहिला, आणि मग माझ्याच लक्षात आलं की लांबून बघणाऱ्यांना वाटत असेल, दोघं भाऊ इंजिनाची चर्चा करतायत. मला इतकं थकल्यासारखं झालं की बोलणं आपोआप संपलं.

"टोपन काड आता," मी म्हटलं. "निवलं असंल."

त्यानं ओलं पोतं दुमडून टोपणावर ठेवलं, थोडं फिरवून वाफ जाऊ दिली, मग काढलं. एका घरातून कोमट पाणी आणवलं. मी इंजिन चालू केलं, त्यानं धार धरून हळूहळू पाणी सोडलं. फॅनबेल्टचा ताण बोटानं दाबून बघितला, होजच्या गाठी चाचपल्या. त्याचा हात चांगला आहे. आम्ही दोघांनी मिळून या गाडीचं काम केलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं, एवढंच त्या वेळी मनात आलं.

तो पुन्हा हौद्यात चढला. मी पोरांना सांगितलं, गाडीच्या पुढं नाही, मागं नाचायचं. हलगीवाले तेवढे पुढं ठेवले. काटा मधोमध राहिला आणि आम्ही गावात शिरलो. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून लोक फुलं टाकत होते, म्हाताऱ्या कानशिलावर बोटं मोडत होत्या. सगळ्यांना वाटत होतं की एक माणूस घरी आला. मला एकट्याला माहीत होतं की तो आला नाही, आणि मीच त्याला घेऊन येत होतो. मी आयुष्यात बरंच ओझं ओढलंय, पण त्या दिवसाइतकी जड गाडी चालवल्याचं मला आठवत नाही.

आबांची खुर्ची दारात होती. माझ्या बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, भावाच्या पायावर पाणी घातलं. त्यानं वाकून आबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आबांनी डाव्या हातानं त्याची टोपी काढली आणि डोकं चाचपलं, लहान पोराचं चाचपतात तसं. बराच वेळ. मी ट्रकच्या पायरीवर बसून होतो. माझा राग तेव्हाही गेला नव्हता, आजही पूर्ण गेलेला नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"पेटी येकच आनली त्यानं."

मी विचारलं, "आता कसं?"

"कसं म्हंजे? आजपत्तुर झालं तसं." तिनं कढई पालथी घातली. "आबांस्नी आत्ताच सांगू नगा."

मी अंथरुणावर पडलो तेव्हा वाटलं होतं, डोळ्याला डोळा लागणार नाही. लागला. पहाटे नेहमीच्या वेळेला जाग आली. अंगवळणी पडलेलं असतं, पाय आधी खाली जातात आणि मग डोळे उघडतात. पाय खाली सोडले आणि आबांच्या खोलीतून आवाज आला. भाऊ त्यांना उठवत होता.

"आबा, माझ्या मानंला हात घाला. दुसरा मी धरतुय. आता व्हय म्हना का उचलतुय."

आबा घरघरत्या आवाजात काहीतरी म्हणाले. मला ते सवयीनं कळलं. ते विचारत होते, थोरला कुठं आहे.

"निजलाय," भाऊ म्हणाला. "निजू द्या त्याला."

मग दोघांच्या श्वासाचा आवाज, मोरीकडं जाणारी पावलं, बादलीत पाणी सोडल्याचा आवाज. मी पलंगाच्या कडेला तसाच बसलो होतो. उठून जावं असं एकदा वाटलं, आबांना कोमट पाणी लागतं हे त्याला माहीत आहे की नाही म्हणून. मग मी पाय वर घेतले, पांघरूण ओढलं, आणि तो खोटा पडू नये म्हणून डोळे मिटले. थोड्या वेळानं मला खरंच झोप लागली.